टाइमशेअर घेतलेल्यांकडे लोक कसे बघतात, आणि का

'आमची पंचवीस वर्षांची मेंबरशिप आहे,' असं टाइमशेअर, म्हणजे रिसॉर्टमध्ये दरवर्षी काही रात्री राहण्याचा हक्क, घेतलेल्या कुणी सांगितलं की ऐकणारा सहसा दोनपैकी एक काहीतरी बोलतो. 'मजा आहे बुवा तुमची!' हे एक. नाहीतर आवाज जरा खाली आणून, 'अहो, एवढ्या पैशांत हव्या त्या हॉटेलात राहिला असतात की!' पहिल्या वाक्यात समोरचा माणूस पैसेवाला ठरतो, दुसऱ्यात भोळा. आणि त्याने आपली बाजू मांडायला घेतली, चार चांगल्या सहली आठवून सांगितल्या, की तिसरं मत तयार होतं: फसलाय, पण कबूल करत नाही.

नातेवाइकांत, ऑफिसात, सोसायटीच्या गप्पांत ही तिन्ही मतं मी इतकी ऐकली आहेत की ती येतात कुठून, हे नीट समजून घ्यावंसं वाटलं. त्यांत तथ्य आहेच. पण त्यांच्यामुळे एक नुकसानही होतं. ते मत देणाऱ्याला दिसत नाही आणि ज्याच्याबद्दल मत दिलं त्याला फार महागात पडतं. म्हणून हा लेख.

आधी व्यवहार काय असतो ते बघू. भारतात टाइमशेअर घेणारा बहुतेक वेळा कुठल्याही खोलीचा किंवा फ्लॅटचा मालक होत नाही. एकरकमी किंवा हप्त्यांनी काही लाख रुपये देऊन तो ठरावीक वर्षं, दरवर्षी ठरावीक रात्री कंपनीच्या रिसॉर्टमध्ये राहण्याचा हक्क घेतो. बहुधा वर्षाला सात रात्री. त्यात हंगामाप्रमाणे वर्ग असतात. क्लब महिंद्रामध्ये त्यांना रंगांची नावं आहेत: पर्पल सगळ्यात महाग आणि गर्दीचा, मग रेड, व्हाइट, ब्लू. खोली केवढी हवी, स्टुडिओ की एक बेडरूम की दोन, त्यावरही किंमत बदलते. ह्याशिवाय दरवर्षीची वेगळी फी असते. ती साधारण फ्लॅटच्या मेंटेनन्ससारखी: तुम्ही राहा किंवा कुलूप लावून जा, भरावी लागते, आणि वर्षागणिक वाढते.

अमेरिकेत चित्र थोडं वेगळं आहे. तिथे बरेच टाइमशेअर खरोखर मालमत्ता म्हणून नोंदवले जातात, वारसांकडे जातात आणि त्यांच्याबरोबर वार्षिक फीची जबाबदारीही जाते. आपल्याकडच्या गैरसमजाचं एक मूळ इथेच आहे. इंग्रजी मालिकांत, चित्रपटांत दिसणारा 'टाइमशेअरचा मालक' आणि पुण्यातला क्लबचा मेंबर हे कायद्याच्या दृष्टीने वेगळे लोक आहेत. 'त्यांचं गोव्यात घर आहे' असं ज्यांच्याबद्दल बोललं जातं, त्यांच्याकडे पुष्कळदा नुसता करार असतो.

ही कल्पना जन्मली युरोपात. स्वित्झर्लंडमध्ये १९६३ साली सुरू झालेली हापीमाग ही तिची अगदी सुरुवातीची कंपनी. अमेरिकेत ती फोफावली १९७०च्या दशकात. तेलाचे भाव भडकले, मंदी आली, फ्लोरिडात बांधून तयार असलेले फ्लॅट विकले जाईनात. तेव्हा एक फ्लॅट एका माणसाला विकण्याऐवजी आठवड्या-आठवड्याने अनेकांना विकायची युक्ती बिल्डरांना सापडली. म्हणजे हा धंदा तिथे वाढला तो विक्रेत्याची अडचण सोडवण्यासाठी, आणि ते विक्रीच्या पद्धतीत आजही जाणवतं. १९७४ मध्ये आरसीआय ही अदलाबदलीची कंपनी निघाली, त्यामुळे आपला आठवडा देऊन दुसऱ्या गावातला घेता येऊ लागला. पुढे १९८४ मध्ये मॅरियट आणि १९९१ मध्ये डिस्ने ह्या व्यवसायात उतरले. भारतात स्टर्लिंग १९८६ पासून आहे, महिंद्राची कंपनी १९९६ पासून.

आता त्या पहिल्या मताकडे येऊ, पैसेवाला असण्याच्या. मराठी मध्यमवर्गाची सुट्टी पिढ्यान्पिढ्या ज्या पद्धतीने गेली ती आठवली की हे मत का पडतं ते कळतं. मे महिन्यात मामाच्या गावी, नाहीतर कोकणात. वडील बँकेत किंवा एलआयसीत असतील तर महाबळेश्वरच्या हॉलिडे होममध्ये, नाममात्र भाड्यात. एलटीसी मिळाली की लांबचा प्रवास. आणि नंतर केसरी, वीणा वर्ल्डसारख्यांच्या ग्रुप टूर: जेवणात वरणभात, बरोबर मराठी मंडळी, पैसे एकदा भरले की विषय संपला. ह्या सगळ्यात पुढच्या पंचवीस वर्षांच्या सुट्ट्यांचे पैसे आज भरणं कुठेच बसत नाही. त्यामुळे कुणी ते केलं की बघणाऱ्याला तो बडेजाव वाटतो. प्रत्यक्षात मेंबर झालेल्यांत हप्ते भरून झालेली, दोघंही नोकरी करणारी जोडपी भरपूर असतात. त्यांचं आकर्षण वेगळंच असतं. सुट्टीचे पैसे आधीच गेलेले असले की सुट्टी घ्यावीच लागते, आणि 'ह्या वर्षी नको, पुढच्या वर्षी बघू' हे संपतं. मला हे कारण अजिबात हास्यास्पद वाटत नाही. ज्या घरांत वर्षानुवर्षं कुणी चार दिवस बाहेर पडलेलं नाही, त्या घरांना त्याची किंमत विचारावी.

दुसरं मत, भोळेपणाचं, हे हिशेबावर उभं असतं. म्हणून हिशेब एकदा मांडूनच बघू. आकडे कल्पित आहेत, आपल्या कागदांवरचे आकडे घालून कुणालाही तो करता येईल.

समजा, मेंबरशिप चार लाखांची, वार्षिक फी वीस हजार, पंचवीस वर्षं, वर्षाला सात रात्री. विक्रेता सांगतो ते असं: चार लाख भागिले एकशे पंचाहत्तर रात्री, म्हणजे रात्रीला २,२८६ रुपये. स्वस्तच की! पण ह्यात वार्षिक फी धरलेली नाही. ती धरली तर एकूण नऊ लाख होतात आणि रात्र ५,१४३ रुपयांना पडते. तेही पुरतं खरं नाही, कारण चार लाख आजच दिले. तेच पैसे सात टक्क्यांनी गुंतवून पंचवीस वर्षांत थोडे थोडे काढून संपवले असते, तर दरवर्षी साधारण ३४ हजार हातात आले असते. म्हणजे वर्षाचा खरा खर्च ३४ अधिक २०, असे ५४ हजार; रात्रीला सुमारे ७,७०० रुपये. फी वाढत जाणार, ते अजून धरलेलंच नाही. आणि सातऐवजी पाचच रात्री वापरल्या तर आकडा थेट १०,८०० वर जातो.

इथवर बाहेरच्याचं म्हणणं बरोबर वाटतं. पण ह्याच ५४ हजारांत स्वयंपाकघर असलेलं एक बेडरूमचं अपार्टमेंट मिळत असेल, आणि त्यात आजी-आजोबा धरून पाच-सहा माणसं आठवडाभर राहत असतील, तर तुलना एका खोलीशी करून चालत नाही. तेवढ्या माणसांना दिवाळीत गोव्यात दोन खोल्या घ्याव्या लागतील, त्यांचं भाडं बघा. उलट दोघंच असतील, एक स्टुडिओ घेतला असेल, आणि मुलांच्या शाळेमुळे फक्त मे महिन्यात निघता येत असेल, तर तोच करार तोट्याचा. त्यातून स्वस्तातला ब्लू किंवा व्हाइट हंगाम गळ्यात पडला असेल तर मे आणि दिवाळी जवळजवळ बंदच. 'मेंबर असून बुकिंग मिळत नाही' ही तक्रार आपण सर्रास ऐकतो, तिच्यामागे अनेकदा हीच गोष्ट असते: कुटुंबाची सुट्टी आणि घेतलेला हंगाम जुळत नाहीत. ते विकत घेताना कुणी नीट सांगितलेलं नसतं.

म्हणजे एकाच कंपनीचा एकच करार एका घराला परवडतो आणि दुसऱ्याला बुडवतो. बाहेरचा माणूस मात्र हंगाम, खोलीचा आकार, घरात माणसं किती, हे काहीच न विचारता निकाल देतो.

तो हॉल

असा निकाल देताना एक वाक्य हमखास येतं: 'आम्ही असतो तर पहिल्या पाच मिनिटांत उठून आलो असतो.' मला ह्या वाक्यावर जरा थांबायचं आहे.

टाइमशेअरची विक्री कशी होते ते बघा. मॉलमध्ये किंवा पेट्रोल पंपावर कूपन भरलेलं असतं. मग फोन येतो, तुमचं बक्षीस निघालंय, अमुक हॉटेलच्या हॉलमध्ये या, जेवण आमच्याकडून. अट एकच, नवरा-बायको दोघांनीही यायचं. ही अट फार विचार करून घातलेली असते. मोठ्या खर्चाच्या वेळी आपल्याकडे सुटकेचा सगळ्यात सोपा आणि सभ्य मार्ग असतो 'घरी विचारून सांगतो' म्हणण्याचा. दोघंही समोर बसली की तो मार्ग बंद. मुलांना खेळायला वेगळी जागा दिलेली असते, त्यामुळे 'मुलं कंटाळली' हेही म्हणता येत नाही. आधी तासभर पैशांचं नावच निघत नाही. तुम्हाला कुठे जायला आवडतं, शेवटची सुट्टी कधी घेतली, आई-वडिलांना कुठे नेलं होतं, असं बोलणं चालतं, आणि उत्तरं तुम्हीच देता. पुढे किंमत येते. तुम्ही नको म्हणालात की वरिष्ठ येऊन टेबलावर बसतात, भाव खाली येतो, पण तो फक्त आजचा. शेजारच्या टेबलावर कुणीतरी सही केली की टाळ्या वाजतात. तिसरा तास सुरू असतो, जेवण त्यांचं जेवलेलं असतं, आणि एवढ्या अदबीने बोलणाऱ्या मुलाला तोंडावर नाही म्हणणं अनेकांना जड जातं.

ह्यात मूर्खपणा कुठे आहे? भिडस्तपणा आहे, नवरा-बायकोंनी एकमेकांचं मन राखणं आहे, आई-वडिलांना फिरवायची इच्छा आहे. चांगल्या माणसांच्या चांगल्या सवयींवरच हा हॉल चालतो. मानसशास्त्रात ली रॉस यांनी १९७७ मध्ये ज्या चुकीला नाव दिलं ती हीच: दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि परिस्थितीचा दाब विसरतो. मेल्विन लर्नर यांनी त्याच्याही खालचा थर दाखवला. जग न्याय्य आहे, नीट वागणाऱ्याचं वाईट होत नाही, असं मानायची माणसाला गरज असते. म्हणून कुणाचं नुकसान झालं की 'त्याचंच काहीतरी चुकलं असणार' असं म्हटलं की आपल्याला सुरक्षित वाटतं. टाइमशेअरवाल्याला भोळा ठरवण्यात हा दिलासा मोठा आहे.

अर्थात, लोकांचा संशय हवेतून आलेला नाही. ब्रिटिश माणसाच्या मनात टाइमशेअर म्हटलं की स्पेनचं टेनेरिफ बेट येतं. तिथे पर्यटकांना रस्त्यात गाठून विक्री चालायची, आणि जॉन पामर ह्या इसमाला हजारो लोकांना टाइमशेअरमध्ये फसवल्याबद्दल २००१ मध्ये लंडनच्या न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा दिली. गोव्यातल्या लोकांनी हा प्रकार आपल्या दारात बघितला आहे. कळंगुट-बागा भागात स्क्रॅच कार्ड हातात देऊन परदेशी पर्यटकांना रिसॉर्टवर नेणारे दलाल वर्षानुवर्षं फिरत होते. गोवेकराच्या मनात टाइमशेअरची ओळख त्या दलालापासून सुरू होते, आणि घेणारा पर्यटक त्याला 'सापडलेला' वाटतो.

महाराष्ट्रात ह्याहून खोल जखम आहे ती पॅनकार्ड क्लब्जची. हॉटेलातल्या रात्री विकत घ्या, राहा, किंवा राहायचं नसेल तर मुदत संपल्यावर वाढीव रक्कम परत घ्या, अशी ती योजना होती. पैसे भरणाऱ्या बहुतेकांना त्या हॉटेलांत राहायचंच नव्हतं. त्यांनी ती ठेव म्हणून घेतली, अनेकदा ओळखीच्या, नात्यातल्या एजंटाच्या शब्दावर. भांडवल बाजाराची नियामक संस्था सेबीने ही बेकायदा सामूहिक गुंतवणूक योजना ठरवली, २०१४ मध्ये पैसे गोळा करायला बंदी केली आणि २०१६ मध्ये ते परत करण्याचा आदेश दिला. रक्कम होती ७,०३५ कोटी रुपये आणि गुंतवणूकदार सुमारे ५१ लाख. रॉयल ट्विंकल स्टार क्लब आणि सिट्रस चेक इन्स ह्या मुंबईतल्या कंपन्यांवरही २०१५ मध्ये सेबीने तशाच कारणासाठी कारवाई केली.

ज्या घरातले पैसे असे अडकले, त्या घरात 'हॉलिडे', 'क्लब', 'मेंबर' हे शब्द पुन्हा सरळपणे ऐकले जाणार नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नाही. फरक मात्र समजायला हवा. तिथे परताव्याचं आमिष होतं. नेहमीच्या टाइमशेअरमध्ये पैसे परत मिळायचे नसतातच, मिळतात त्या फक्त रात्री. तेव्हा कुणी तुम्हाला टाइमशेअर 'गुंतवणूक' म्हणून विकत असेल, तर तिथेच थांबावं. अमेरिकेत एकेकाळी हजारो डॉलरना घेतलेले आठवडे एक डॉलरला विकायला ठेवलेले दिसतात, तरी घेणारा मिळत नाही. कारण पहिल्या किमतीतला मोठा हिस्सा विक्री आणि जाहिरातीचाच असतो, तो दुसरा गिऱ्हाईक कशाला देईल?

तिसऱ्या मताबद्दल थोडंसं. फसलेला माणूस कबूल करत नाही, म्हणून सारखा त्याच कंपनीच्या रिसॉर्टवर जातो, असं म्हणतात. आर्क्स आणि ब्लूमर ह्या संशोधकांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, नाटकांच्या हंगामाची तिकिटं पूर्ण किमतीला घेतलेले लोक सवलतीत घेतलेल्यांपेक्षा हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात जास्त नाटकांना गेले. भरलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून माणूस जातो, हे खरं आहे. पण गेल्यावर त्याला नाटक आवडतही असेल! मेंबर लोक खूश असल्याचं सांगतात तेव्हा ते सगळे स्वतःची समजूत घालत असतात, हे मला पटत नाही. काही घरांत नातवंडांच्या सगळ्या आठवणी त्याच रिसॉर्टच्या आहेत.

लाजेचा फायदा कुणाला

सुरुवातीला ज्या नुकसानीचा उल्लेख केला, ते आता सांगतो. ज्याला आपण भोळा म्हटलं तो पुढच्या वेळी अडचणीत आला तर आपल्याकडे येत नाही. फी थकली, बुकिंग मिळत नाही, मेंबरशिप सोडायची आहे, हे तो भावाला सांगत नाही, जावयाला तर नाहीच. 'मी म्हटलंच होतं' हे त्याला पुन्हा ऐकायचं नसतं. आणि अशा गप्प बसलेल्या माणसाला एक दिवस फोन येतो. तुमची मेंबरशिप विकून देतो, गिऱ्हाईक तयार आहे, चांगला भाव आहे. फक्त कर आणि नोंदणीचे पैसे आधी भरावे लागतील. त्याची पहिली चूक कुणाला न कळता पुसली जाणार असते. तो पैसे भरतो. मग आणखी एक शुल्क निघतं. मग पैसे सोडवून देणारा 'वकील' फोन करतो, तो त्याच टोळीतला असतो.

मेक्सिकोच्या पोर्तो वायार्ता भागात हे किती मोठं झालं ते बघा. तिथली हालिस्को न्यू जनरेशन ही अमली पदार्थांची टोळी अमेरिकन टाइमशेअर मालकांना, मुख्यतः वयस्कर लोकांना, अशाच पद्धतीने लुबाडते, म्हणून अमेरिकेच्या अर्थखात्याने २०२३ मध्ये तिच्याशी जोडलेल्या कंपन्यांवर आणि माणसांवर निर्बंध घातले. भारतातही मेंबरशिप विकून देतो, जुनी फी परत मिळवून देतो म्हणणारे फोन येतात, आणि पद्धत तीच असते: आधी पैसे भरा. विक्री झाल्यावर दलाली मागणारा निदान ऐकून घेण्यासारखा असतो. विक्रीआधी 'जीएसटी', 'स्टॅम्प ड्युटी', 'क्लिअरन्स' मागणाऱ्याला एक रुपया देऊ नये.

म्हणून जवळच्या माणसाने असं काही घेतल्याचं कळलं, तर किंमत विचारण्याआधी तारीख विचारा. सही कधी केली? कालच असेल तर करारात रद्द करण्याचे किती दिवस दिलेत ते त्याच्याबरोबर बसून वाचा. युरोपीय संघात २००८च्या निर्देशानुसार चौदा दिवस मिळतात आणि त्या काळात विक्रेत्याला पैसे घेताच येत नाहीत. भारतात टाइमशेअरचा वेगळा कायदा नाही, त्यामुळे हे दिवस करारातच शोधावे लागतात, आणि ते भराभर संपतात. त्या दिवसांत 'तू असा कसा फसलास' हे ऐकवत बसलात तर त्याचा बचावाचा एकमेव सोपा काळ तुम्हीच खर्च करता. रद्द करायचं पत्र लेखी, ईमेलने आणि स्पीड पोस्टाने, दोन्हीकडून जाऊ द्या. सेल्समनला केलेला फोन पुरावा ठरत नाही.

जुना करार असेल तर तीन गोष्टी बघायच्या: हंगाम कुठला, न वापरलेल्या रात्री पुढे जातात का, आणि फी थकली तर काय होतं. हंगाम बदलून मिळतो का हे विचारायला हरकत नाही, मात्र त्यासाठी पुन्हा त्याच हॉलमध्ये जाऊ नये. तिथे 'अपग्रेड' विकलं जातं. तोंडी दिलेली आश्वासनं आणि छापील अटी ह्यांत तफावत असेल तर ती तारखांसह लिहून काढा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था अशा तक्रारींत मार्गदर्शन करतात. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आणखी एक सोय केली आहे. कंपनीचं कार्यालय चेन्नईत असो की हैदराबादला, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. मुदत साधारणपणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची. पुष्कळ लोकांची ही दोन वर्षं घरच्यांपासून करार लपवण्यात निघून जातात.